सेवेला पदवी कशासाठी?

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर लाखनी हे तालुक्याचे गाव आहे. पूर्वी हा महामार्ग सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. लाखनीचा परिसर पूर्वी साकोली तालुक्यात मोडत असे. गावाला रेल्वे नाही. बाहेरच्या जगाशी लाखनीचा जो व्यवहार झाला तो मुख्यतः या रस्त्याने. धान याच रस्त्याने बाजाराला गेले आणि शिकायला निघालेली मुलेही याच रस्त्याने भंडाऱ्याला व नागपूरला गेली. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बांध्यांत धानाची रोवणी चाललेली असते. एस.टी.च्या खिडकीतून ती पाहत महाविद्यालयात जाणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या आया त्याच चिखलात वाकून रोपे लावीत असतात.

अशा घरातली मुलगी बारावीनंतर समाजकार्याच्या पदवीला, म्हणजे बी.एस.डब्ल्यू.ला, नाव घालते तेव्हा घरातून पहिला प्रश्न येतो : सेवा करायची तर करावी, पण त्यासाठी तीन वर्षे महाविद्यालयात कशाला घालवायची? हा प्रश्न काही केवळ लाखनीतल्या शेतकऱ्याच्या घरचा नाही. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांतही तो ऐकू येतो. मुलगी परिचारिका झाली, शिक्षिका झाली, तर आईवडिलांना समाधान वाटते. तिने समाजकार्याची पदवी घ्यायची म्हटली की मात्र कपाळाला आठ्या पडतात. सेवा हा मनाचा गुण; त्याची परीक्षा विद्यापीठाने कशी घ्यावी आणि त्याला गुण कसे द्यावेत, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशात न शोधता इतिहासात शोधावे, म्हणून हा लेख.

विद्यार्थ्यांनी केलेली सुरुवात

विन्सेंट डी पॉल सोसायटी आपल्या परिचयाची आहे. रविवारच्या मिस्सानंतर तिचे सभासद एकत्र बसतात, कोणत्या कुटुंबाला धान्य द्यायचे, कोणाच्या औषधपाण्याची सोय करायची, हे ठरवितात आणि त्या घरी जाऊन येतात. ही संस्था विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी स्थापन केली, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

१८३३ सालच्या एप्रिल महिन्यात पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने काही मित्रांसह हे कार्य आरंभिले तेव्हा त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते. आदल्याच वर्षी कॉलऱ्याच्या साथीने पॅरिसमध्ये कहर केला होता. चर्चासभांत धर्माची बाजू मांडणाऱ्या या तरुणांना विरोधकांनी एकदा विचारले, की तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते? ओझानामला तो प्रश्न झोंबला. सिस्टर रोझाली रेंदू या धर्मभगिनी शहराच्या दरिद्री वस्तीत काम करीत असत. त्यांनी या मुलांना कुटुंबांचे पत्ते दिले आणि कसे जायचे, कसे बोलायचे, हे शिकविले. म्हणजे सेवेची इच्छा विद्यार्थ्यांजवळ होती, तरी सेवेची रीत त्यांना कोणाकडून तरी शिकावीच लागली. जे शिकावे लागते ते शिकविताही येते, ही पुढच्या साऱ्या इतिहासाची पहिली पायरी होय. ओझानाम पुढे सॉर्बोन येथे प्राध्यापक झाला. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित घोषित केले आणि सिस्टर रोझालींना तोच मान २००३ साली मिळाला.

त्यानंतर युरोप-अमेरिकेतील औद्योगिक शहरे वाढत गेली तसा हा प्रश्न अधिक बिकट झाला. १८६९ साली लंडनमध्ये धर्मादाय कार्याचे एकसूत्रीकरण करणारी संस्था निघाली. तिच्यासारख्याच न्यूयॉर्कमधील संस्थेने १८९८ च्या उन्हाळ्यात कार्यकर्त्यांसाठी सहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग घेतला. पुढल्या वर्षी ॲमस्टरडॅमला दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेली शाळाच उघडली. या दोन्ही प्रयत्नांच्या थोडे आधी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराला न्याय्य वेतन मिळणे हा त्याचा हक्क असल्याचे निक्षून सांगितले होते. गरिबाच्या घरी धान्य नेऊन देणे आणि ते धान्य त्याच्या घरी मुळात का नाही हे विचारणे, या दोन गोष्टींची सांगड घालण्याची गरज अशी चहूकडून पुढे येत होती.

नागपाड्यातील शाळा

महाराष्ट्रात सेवेची वाण कधीच नव्हती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. कर्वे, गोखले, विठ्ठल रामजी शिंदे, ना. म. जोशी अशी पुढची परंपरा सर्वश्रुत आहे. परंतु ही सारी माणसे असामान्य होती. त्यांची तळमळ, त्यांची बुद्धी आणि त्यांचा त्याग यांच्या बळावर त्यांच्या संस्था उभ्या राहिल्या. इस्पितळात, गिरणीत, बालसुधारगृहात, झोपडपट्टीत रोजच्या रोज काम करण्यास शेकडो माणसे लागतात, आणि ती सगळी असामान्य कोठून मिळावीत? सामान्य माणसालाही हे काम नीट करता यावे, म्हणून शिक्षणाची सोय हवी होती.

ती सोय पहिल्याने उभी राहिली मुंबईत, आणि तीही मराठी मुलखाशी जुने नाते असलेल्या एका मिशनच्या माणसाच्या पुढाकाराने. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ साली मुंबईला आले. भायखळ्याजवळच्या नागपाड्यात गरीब कामकऱ्यांची दाट वस्ती होती आणि तीत नाना धर्मांचे लोक राहत. तेथे मिशनने १९२७ साली 'नागपाडा नेबरहूड हाऊस' उघडले. वाचनालय, दवाखाना, खेळ, रात्रीचे वर्ग, व्याख्याने असे त्याचे स्वरूप होते. मॅनशार्ट यांनी ही सेवा धर्मप्रसाराचे साधन म्हणून वापरली नाही. शेजारी म्हणून राहायचे आणि शेजाऱ्याची अडचण समजून घ्यायची, हे त्यांचे धोरण होते. काही वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळून चुकले, की पैसा आणि इमारत मिळाली तरी काम जाणणारी माणसे मिळत नाहीत.

सर दोराबजी टाटा यांचा विश्वस्त निधी १९३२ साली स्थापन झाला होता. मॅनशार्ट यांची सूचना विश्वस्तांनी मान्य केली आणि १९३६ साली नागपाड्याच्या त्याच वास्तूत 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. भारतातील समाजकार्याचे हे पहिले व्यावसायिक विद्यालय. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. मॅनशार्ट पहिले संचालक झाले. १९४१ नंतर ती धुरा डॉ. जे. एम. कुमारप्पा यांनी वाहिली. १९४४ साली या विद्यालयाचे नाव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' असे झाले, १९५४ साली संस्था देवनारला गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

शाळेतून बाहेर पडलेल्यांना काम मिळाले का? १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्याच वर्षी फाळणीच्या दंगलींत होरपळलेल्या लोकांमध्ये टाटा संस्थेचे पथक काम करीत होते. पुढे १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. १९९६ साली संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा मुंबईत सुरू झाली. हे दोन्ही उपक्रम याच संस्थेच्या प्रत्यक्ष क्षेत्रातील कामातून निघाले आणि नंतर दूरवर पसरले. मार खाऊन पोलीस चौकीत आलेल्या बाईशी कसे बोलावे हे ठाऊक असलेले माणूस चौकीतच बसलेले असावे, ही आज साधी वाटणारी कल्पना तेथवर पोहोचायला अर्धे शतक लागले.

निर्मला निकेतन

टाटांची शाळा मुळात पदवीधरांसाठी होती. मुंबईत या शिक्षणाचे दुसरे मोठे केंद्र उभे केले ते कॅथलिक धर्मभगिनींनी. 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या संघाने १९५५ साली निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय स्थापन केले. न्यू मरीन लाइन्स येथील हे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. येथे पदवी आणि पदव्युत्तर असे दोन्ही अभ्यासक्रम चालत आले आहेत. याच संघाने १९६० साली मंगळूरला 'रोशनी निलय' ही समाजकार्याची शाळा काढली.

या संघाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत धार्मिक संघांवर बंदी आली, मठ ओस पडले. अशा वेळी, १७९० साली, फादर पियर-जोसेफ द क्लोरिव्हिएर आणि ॲडेलेड द सिसे यांनी वेगळ्या प्रकारचा संघ कल्पिला. त्यातल्या भगिनी विशिष्ट झगा घालीत नाहीत. त्या चारचौघींसारख्या वेषात, लोकांमध्ये राहून, आपले व्रत पाळतात. वेषावरून ओळखू न येणाऱ्या या भगिनींनी समाजकार्याचे महाविद्यालय काढावे, यात एक औचित्य आहे. गरिबाच्या दारात उभे राहताना आपले वेगळेपण मागे ठेवणे, हा त्या शिक्षणाचाही पहिला धडा आहे.

नागपूर : एका बालविधवेचा वारसा

आता आपण लाखनीच्या जवळ येऊ. विदर्भात हे शिक्षण आले ते एका बाईच्या कार्याचा हात धरून. कमलाताई होस्पेट या बालविधवा. त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साहाय्याने नागपुरात मातृ सेवा संघाची स्थापना केली. बाळंतपणात बायका दगावत होत्या आणि घरच्या अंधाऱ्या खोलीतच त्यांचा शेवट होत होता, त्या काळची ही गोष्ट. एका लहानशा प्रसूतिगृहापासून निघालेले हे काम पुढे अनेक शाखांनी विस्तारले. १९६१ साली भारत सरकारने कमलाताईंना पद्मश्री देऊन गौरविले.

या मातृ सेवा संघानेच १९५८ साली नागपुरात समाजकार्याची शिक्षणसंस्था सुरू केली. पाच वर्षांनी, १९६३ साली, पुण्यात महर्षी कर्वे यांच्या नावाची समाजसेवा संस्था निघाली. दोन्ही ठिकाणी विधवांच्या दुःखातून जन्मलेल्या कार्याने पुढच्या पिढीसाठी शाळा काढली, हा योगायोग नव्हे. ज्यांनी हे काम आयुष्यभर केले त्यांनाच त्याच्या शिक्षणाची निकड अधिक कळली होती.

पुढील दशकांत नागपुरात आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालये निघत गेली. भंडारा शहरातही आठवले समाजकार्य महाविद्यालय आले. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी, मराठी माध्यमाची मुभा आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती, यांमुळे ही वाट खेड्यातल्या मुलांना खुली झाली. एक बाब येथे नोंदली पाहिजे. महाराष्ट्रातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांना अनुदान मिळते ते शासनाच्या सामाजिक न्याय विभागाकडून. कला, वाणिज्य व विज्ञानाच्या महाविद्यालयांचे पालकत्व उच्च शिक्षण विभागाकडे असते. समाजकार्याचे शिक्षण शिक्षणखात्याच्या घरात वाढले नाही, त्याचे बरेवाईट परिणाम त्याने भोगले आहेत.

तीन वर्षांत शिकवितात तरी काय?

समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थकारण, कायदे, संशोधनाच्या पद्धती हे विषय इतर पदव्यांतही थोडेफार असतात. समाजकार्याचे स्वतःचे म्हणून जे आहे ते तीन मुख्य पद्धतींत सामावले आहे : एका व्यक्तीबरोबर करावयाचे काम, गटाबरोबर करावयाचे काम आणि समुदायाचे संघटन. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थी वर्गात नसतोच. त्याला एखादे खेडे, वस्ती, रुग्णालय किंवा संस्था नेमून दिलेली असते. तेथे जायचे, गृहभेटी द्यायच्या, परत येऊन काय पाहिले, काय ऐकले, आपण काय बोललो, कोठे चुकलो, याचा अहवाल लिहायचा. तो अहवाल घेऊन मार्गदर्शक अध्यापकासमोर बसायचे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. वर्षातून एकदा ग्रामीण शिबिर असते. तेथे सारी तुकडी काही दिवस एखाद्या गावात राहते, श्रमदान करते, पाहणी करते आणि आपसांत भांडून पुन्हा एकत्र काम करायला शिकते.

व्यक्तीबरोबरच्या कामाची जी तत्त्वे या मुलांना पहिल्या वर्षी पाठ करावी लागतात ती एका येशूसंघीय धर्मगुरूने मांडलेली आहेत. फादर फेलिक्स बिस्टेक हे शिकागोच्या लोयोला विद्यापीठात शिकवीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सात तत्त्वे सांगितली. प्रत्येक माणूस वेगळा आहे असे समजून त्याच्याकडे पाहावे. त्याला मनातले बोलू द्यावे. आपण हेलावलो तरी तोल जाऊ देऊ नये. तो जसा आहे तसा त्याचा स्वीकार करावा. त्याचा न्यायनिवाडा करू नये. त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्यावा. आणि त्याने सांगितलेले गुपित राखावे. प्रायश्चित्त संस्काराची ओळख असलेल्या वाचकाला यातल्या शेवटच्या तत्त्वाचे गांभीर्य निराळे सांगायला नको. आज लाखनी परिसरातील बौद्ध, हिंदू किंवा आदिवासी घरातली मुलगी परीक्षेसाठी हीच सात तत्त्वे मराठीत लिहून काढते. ती कोणाची आहेत याने तिला फरक पडत नाही, आणि पडू नये.

ही तत्त्वे वाचायला सोपी आहेत. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या माणसासमोर बसून ती पाळणे महाकठीण आहे. म्हणून तर अहवाल आणि मार्गदर्शकाचे प्रश्न. सेवेच्या इच्छेची परीक्षा विद्यापीठ घेत नाही. त्या इच्छेला किती शिस्त लागली याची घेते.

भंडाऱ्याचा धडा

पुस्तकातले हे सारे भंडारा जिल्ह्याच्या मातीत उतरते तेव्हा काय होते, हे तीन उदाहरणांनी पाहू.

पहिले तलावांचे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी येथे तलाव आणि बोड्या बांधल्या आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकविले. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाच्या ताब्यात गेले. 'माजी मालगुजारी तलाव' या नावातील आद्याक्षरे जुळवून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. मालगुजार गेला ते योग्यच झाले. मात्र पाळीची डागडुजी आणि पाण्याची वाटणी पाहणारी जुनी व्यवस्थाही त्याबरोबर ढासळली, आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. त्याची झळ शेतकऱ्याला लागली आणि तलावातल्या मासळीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांनाही लागली. समुदाय संघटनाचा पाठ गिरविणाऱ्या विद्यार्थ्याने अशा गावात जाऊन लोकांना केवळ 'एकत्र या' असे सांगितले तर ते हसतील. पाणी शेताला सोडायचे की मासळीसाठी राखायचे, हा तेथला खरा वाद असतो. तो ज्याला कळत नाही त्याला गाव कळत नाही.

दुसरे विडीचे. भंडारा-गोंदिया भागात तेंदूपानांच्या आधारे विडीचा धंदा वाढला आणि हजारो बायांनी घरच्या ओसरीवर बसून विड्या वळल्या. त्यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. तथापि घरी बसून काम करणाऱ्या बाईला आपण कामगार आहोत हे सिद्ध करावे लागते, त्यासाठी ओळखपत्र लागते, आणि तेथेच गाडे अडते. अशा बाईला दहा किलो तांदूळ देणारा माणूस दयाळू खरा. तिला ओळखपत्र मिळवून देणाऱ्याला कायदा, कचेरी आणि कंत्राटदार या तिन्हींची माहिती असावी लागते. तांदूळ महिन्याभरात संपतात. ओळखपत्रावर तिच्या मुलांची शिष्यवृत्तीही मिळू शकते.

तिसरे उदाहरण लिहिताना लेखणी अडखळते. याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावातल्याच जमावाने हत्या केली. गाव संघटित होते ते नेहमी चांगल्यासाठीच होते असे नाही, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले होते. खेड्याचे गोडवे गाण्यास त्यांनी संविधान सभेत १९४८ सालीच हरकत घेतली होती. भंडाऱ्यात समाजकार्य शिकणाऱ्याला ही दोन्ही स्मरणे टाळता येत नाहीत. ज्या वर्गात 'समुदाय' हा शब्द शिकविला जातो त्याच वर्गात त्या समुदायाने वाळीत टाकलेल्या घरांतली मुले बसलेली असतात.

भेट देणारा कोण?

येथवरच्या इतिहासात एक बदल हळूहळू घडत आला आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १८३३ सालच्या पॅरिसमध्ये सुस्थितीतला विद्यार्थी गरिबाच्या घरी गेला. १९३६ सालच्या मुंबईत पदवीधर तरुण गिरणी कामगाराच्या खोलीवर गेला. दोन्ही वेळी भेट देणारा एका जगातला आणि भेट घेणारा दुसऱ्या जगातला होता. लाखनीहून भंडाऱ्याला जाणारी मुलगी मात्र त्याच घरातून निघते, जेथे आजवर इतरांनी भेटी दिल्या. शाळेतून गळालेली मुले, दारू, कर्ज, आजारपण आणि लवकर उरकलेली लग्ने, ही तिने प्रथम पुस्तकात वाचलेली नसतात. तिच्या आईच्या बोलण्यात 'पाणी' हे 'पानी' असते आणि 'डोळा' हा 'डोरा' असतो. त्या झाडीबोलीत ती कोणाच्याही ओसरीवर बसून सहज बोलू शकते. जी ओळख मिळवायला मॅनशार्टना नागपाड्यात वर्षे घालवावी लागली ती हिला जन्मतःच आहे.

मग तिला पदवी कशासाठी? जवळिकीचेही काही तोटे असतात. आपल्या जातीची बाजू आपोआप खरी वाटते, आपल्या ओळखीच्याचा गुन्हा लहान वाटतो, आपल्याच दुःखाने डोळे भरून येतात आणि समोरच्याचे दुःख दिसत नाही. फादर बिस्टेक यांची तत्त्वे परक्या माणसाला जवळ यायला शिकवितात आणि जवळच्या माणसाला थोडे मागे सरून पाहायला शिकवितात. गृहभेट देणारी मुलगी गावातलीच असली, की या दुसऱ्या धड्याची किंमत अधिक.

याच ठिकाणी या इतिहासातील अन्यायही दिसून येतो. मुंबईच्या पदवीधराला रुग्णालय, कारखाना, मोठी संस्था यांत जागा मिळाली. खेड्यातला पदवीधर तयार झाला तेव्हा कायम नेमणुका आटत चालल्या होत्या. शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी ही पदे आहेत. परंतु ती मोजकी, आणि त्यांच्यासाठी पदव्युत्तर पदवीधारकांचीही रांग असते. २००५ साली सुरू झालेले ग्रामीण आरोग्य अभियान, २०११ चे 'उमेद' अभियान यांनी नव्या जागा आणल्या, पण त्यांतल्या बहुतेक कंत्राटी. दुसऱ्याचा हक्क त्याला मिळवून द्यायला शिकलेली मुलगी दर वर्षी स्वतःच्या कराराचे नूतनीकरण होईल की नाही या चिंतेत असते. अनेकजण शेवटी पोलीस भरतीकडे, तलाठ्याच्या परीक्षेकडे किंवा डी.एड.कडे वळले, हे विदर्भातल्या कोणत्याही गावी विचारले तरी कळेल.

म्हणून तो शिक्षणाचा खर्च वाया गेला का? तसे म्हणवत नाही. समाजकार्य शिकलेली बाई ग्रामपंचायतीत निवडून आली, शाळेच्या समितीवर बसली, स्वतःच्या सुनेच्या बाळंतपणात उभी राहिली, तरी ते शिक्षण कामाला येते. परंतु समाजाने अशा तुरळक समाधानावर थांबू नये. डॉक्टरशिवाय दवाखाना चालत नाही हे आपण मान्य केले आहे. समाजकार्यकर्त्याशिवाय गाव चालत नाही हे मान्य करणे अद्याप बाकी आहे.

आपल्या धर्मग्रामांपुरते बोलायचे तर आपल्याकडे एक जुनी रीत आहे. विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आजही दोघेदोघे मिळून गृहभेटीला जातात. त्यांच्याबरोबर एखादा बी.एस.डब्ल्यू. शिकणारा मुलगा वा मुलगी गेली, तर भेटीच्या पिशवीत धान्याबरोबर एक वहीही जाईल. त्या घरची अडचण त्या वहीत नीट लिहिली जाईल आणि पुढल्या भेटीत त्याच अडचणीचा पाठपुरावा होईल. आणि घरातली मुलगी समाजकार्याच्या पदवीला जाते म्हणाली, तर कपाळाला आठ्या घालण्याआधी आईवडिलांनी एवढेच आठवावे, की आपल्या ओळखीची ती सोसायटी १८३३ साली विद्यार्थ्यांनीच काढली होती, आणि गृहभेट कशी द्यावी हे त्यांनाही एका धर्मभगिनीकडून शिकावे लागले होते.